जिभेखाली ठेवा, गिळू नका

गोळे कॉलनी हा नाशिकचा औषधांचा घाऊक बाजार. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानांत माणसांपेक्षा खोकी जास्त. तिथल्या एका घाऊक विक्रेत्याला आणि त्याच्या भाचीला या लेखात समोरासमोर बसवलं आहे. दोघंही कल्पित. भाची नाशिकच्याच एका फार्मसी कॉलेजात एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांचा जन्म बिलं, ब्रेकेज आणि एक्स्पायरीच्या परतीत गेलेला. वादाचा मुद्दा असा, की तोंडाच्या आतल्या अस्तरातून औषध शरीरात सोडणं ही खरोखर मोठी सोय आहे, की प्रबंध लिहिणाऱ्यांची हौस? मी कुणाच्या बाजूचा, ते वाचकाला मधेमधे कळेलच. लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

भाचीनं टेबलावर एक पट्टी ठेवली आहे. नखाएवढी, पातळ, एका बाजूनं पांढुरकी.

मामा: आणि हे विकणार कोण?

भाची: काय आहे ते तरी आधी विचारा. गालाच्या आत, वरच्या हिरडीच्या अंगाला चिकटवायची. चार तास हळूहळू औषध सोडते. गालाकडच्या बाजूला औषध, जिभेकडच्या बाजूला इथिल सेल्युलोजचा थर. त्यामुळे औषध लाळेत सांडत नाही, गालातच शिरतं.

मामा: औषध कोणतं?

भाची: कार्व्हेडिलॉल.

मामा: म्हणजे बीपीचं. त्याची खोकी तुझ्या पाठीमागेच आहेत बघ. लोक घोटभर पाण्याबरोबर घेतात आणि बीपी उतरतं. गालाला चिकटवून काय जास्तीचं होणार?

भाची: गिळलेल्या गोळीतलं शंभरातलं पंचवीस ते पस्तीसच रक्तात पोचतं, मामा. बाकीचं यकृत वाटेतच मोडून टाकतं.

मामा: ते मला शिकवू नकोस. नाशिकला जकात होती तेव्हा प्रत्येक ट्रक आधी नाक्यावर अडायचा, वसुली झाली की मग गावात. पोटातलं रक्तही तसंच आधी यकृतात जातं.

भाची: तोंडातलं रक्त त्या नाक्यावरून जातच नाही. जिभेखालच्या आणि गालाच्या शिरा मानेतल्या मोठ्या शिरेला मिळतात, तिथून थेट हृदयात. यकृताची पाळी येते तोवर औषध अंगभर फिरून झालेलं असतं. नायट्रोग्लिसरीन घ्या. गिळलं तर एक टक्कासुद्धा हाती लागत नाही, जिभेखाली ठेवलं तर चाळीस टक्क्यांच्या आसपास मिळतं. छातीत कळ आलेल्या माणसाला गिळायची गोळी देऊन चालेल का?

मामा: नाही चालणार. म्हणून तर सॉर्बिट्रेट विकतो. ते आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, पण घराणं तेच. माझा वाद सॉर्बिट्रेटशी नाही, तुझ्या पट्टीशी आहे.

भाची: सॉर्बिट्रेटची गोष्ट पट्टीच्या आधीची, एवढाच फरक. तुम्हाला ठाऊक आहे का, या घराण्याचा शोध लागला तोच मुळी तोंडातून? १८४७ साली तूरिनमध्ये सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं नायट्रोग्लिसरीन तयार केलं आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जिभेला लावून पाहिलं. डोकं असं ठणकलं की त्यानं इतरांना सावध केलं. गिळलंच नव्हतं, नुसतं जिभेवर लागलं होतं. पुढे लंडनच्या विल्यम मरेलनंही बाटलीचं ओलं बूच जिभेला लावलं, नाडी धडधडायला लागली, आणि त्यातून १८७९ मध्ये हृदयशूळासाठी त्यानं ते औषध म्हणून मांडलं.

मामा: सुरुंगाचं सामान.

भाची: हो ना. त्याच सामानावर श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड नोबेलला १८९६ मध्ये, त्याच्या शेवटच्या वर्षात, डॉक्टरांनी तेच लिहून दिलं. त्यानं मित्राला कळवलं, की केमिस्ट आणि लोक बिचकू नयेत म्हणून हे लोक त्याला ट्रिनिट्रिन म्हणतात.

मामा: (हसून) केमिस्टांचा विचार करणारे डॉक्टर तेव्हा होते म्हणायचे. बरं, तुझं झालं; आता माझं ऐक. निफेडिपिनची कॅप्सूल तू पाहिली नसशील, त्या रूपात आता ती फारशी येत नाही. बीपी दोनशेच्या वर गेलेला पेशंट आला की डॉक्टर सुईनं ती मऊ कॅप्सूल टोचायचे आणि आतलं पातळ औषध जिभेखाली पिळायचे. दहा-वीस मिनिटांत बीपी खाली! सगळे खूश. गावोगावच्या दवाखान्यांत ट्रेमध्ये सुई आणि कॅप्सूल शेजारी शेजारी असायची. आमच्याकडून खोकीच्या खोकी जायची.

भाची: आणि मग १९९६ चा लेख आला.

मामा: आलाच. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या पत्रिकेत. हा प्रकार थांबवा, म्हणून. बीपी इतकं झपकन आणि बेहिशेबी पडायचं की कुणाला पक्षाघात, कुणाला हार्ट अटॅक. आणि खरी गंमत सांग ना तूच, मास्तरीण होणार आहेस.

भाची: निफेडिपिन जिभेखालून जवळजवळ शोषलंच जात नव्हतं. पिळलेलं औषध लाळेबरोबर घशाखाली जायचं आणि आतड्यातून लागायचं.

मामा: म्हणजे सगळे डॉक्टर ‘जिभेखाली देतो’ म्हणत होते आणि पेशंट गिळत होता! इतकी वर्षं! म्हणून मी म्हणतो, तुमची ही तोंडाची वाट निम्मी समजुतीतच आहे.

मामांचा हा घाव वर्मी लागणारा आहे, आणि तो एका औषधापुरता नाही. दुकानात ‘एमडी’ लिहिलेल्या, म्हणजे तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांचा एक अख्खा कप्पा असतो. उलटीची, फिट्सची, डोकेदुखीची, व्हिटॅमिनची. ग्राहक समजतो की जिभेवर विरघळली म्हणजे तिथूनच रक्तात गेली. बहुतेक वेळा तसं काही होत नाही. गोळी विरघळते, लाळेबरोबर पोटात जाते आणि पुढचा प्रवास नेहमीचाच होतो. पाणी हाताशी नसलं, किंवा पाण्याचा घोट घेतला तरी उलटी होत असली, की तिचा उपयोग मोठा; पण ‘लवकर लागते’ हा दावा वेगळा. मायग्रेनसाठीच्या रिझाट्रिप्टानचं उदाहरण बोलकं आहे. जिभेवर विरघळणारी गोळी रक्तात आपल्या शिखराला साध्या गोळीपेक्षा उशिरा पोचते. जिभेखालच्या बी-बारा गोळ्यांचंही तेच. तुलना करून पाहिली तेव्हा जिभेखाली ठेवलेली आणि सरळ गिळलेली, दोघींनी रक्तातली पातळी सारखीच वाढवली. वेष्टणावर मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं, ते चवीबद्दल आणि सोयीबद्दल खरं असतं, वेगाबद्दल नाही.

भाची: मामा, हे मी नाकारतच नाही. उलट परीक्षेत मी तेच लिहिते. विरघळणं वेगळं, शोषलं जाणं वेगळं. कोण आत जाणार हे अस्तर ठरवतं. जिभेखाली ते शंभर-दोनशे मायक्रॉन जाड, गालात पाचशे ते आठशे. टाळू आणि हिरड्या तर चिवट, तिथे फारसं काही जमत नाही. औषध लहान रेणूचं हवं, चरबीत मुरणारं हवं, आणि पाच-दहा मिलिग्रॅममध्ये काम भागणारं हवं.

मामा: आणि जागा किती?

भाची: सगळ्या तोंडाची मिळून दोनशे चौरस सेंटिमीटर. दात धरून.

मामा: आतड्याची?

भाची: तीस चौरस मीटरच्या आसपास.

मामा: दीड हजार पट! (कॅल्क्युलेटर हातातच असतो.) वर दिवसाला लिटरभर लाळ, आणि ती सारखी गिळायची सवय. एवढ्याशा जागेत, एवढ्या पाण्यात, पाच मिलिग्रॅमचा व्यापार. यात धंदा कुठे दिसतो तुला?

भाची: तुमच्या डाव्या गालात दिसतो.

मामा: …

भाची: मघाशी चुना लावून चोळून ठेवलात ना? तंबाखूची ती चिमूट म्हणजे तोंडातून औषध देण्याची जगातली सगळ्यात यशस्वी पद्धत. आम्ही आठ-आठ पॉलिमर बदलून जे करतो ते तुम्ही अंगठ्यानं करता. निकोटिनचा हिशेब सांगते. लाळ साधारण ६.८ सामूची. त्या लाळेत निकोटिनच्या शंभर रेणूंपैकी सहाच अस्तरातून जाण्याजोगे असतात, बाकीचे विद्युतभारित असल्यामुळे बाहेरच अडकतात. चुना लागला आणि सामू नऊवर गेला की शंभरातले नव्वद जाण्याजोगे होतात. ज्यानं कुणी तंबाखूला पहिल्यांदा चुना लावला, त्याला रसायन ठाऊक नव्हतं, पण किक बरोबर कळली होती.

मामा: दुकानात कुणी ऐकेल.

भाची: ऐकू दे. तुमच्याच रॅकवर निकोटिनचे च्युइंग गम आहेत, दोन मिलिग्रॅमचे. त्यातही हीच युक्ती आहे, गममध्ये लाळेचा सामू चढवणारे क्षार घातलेले असतात. पण ते चघळत राहायचं नसतं. चार-सहा वेळा चावायचं, जिभेला चुरचुर लागली की गालात दाबून ठेवायचं, पुन्हा चावायचं. आणि त्याच्याबरोबर चहा-कॉफी-कोल्ड्रिंक नाही. तोंड आंबट झालं की निकोटिन गालातून जायचं थांबतं, नुसतं पोटात जाऊन मळमळतं. तुम्ही मागे आठ दिवस तो गम घेतलात तेव्हा बरोबर काय घेत होतात?

मामा: कटिंग.

भाची: मग ‘गमनं काही होत नाही’ असं कसं म्हणता?

मामा: (चिमूट डस्टबिनमध्ये टाकून, चूळ भरून) हे मान्य. पण आता माझ्याच तोंडातून तुझ्याविरुद्ध साक्ष घे. ही तंबाखू, ही सुपारी, या बायकांची सकाळची मशेरी, हे सगळं ज्या गालावरून गेलंय त्याच गालावर तू पट्टी चिकटवणार. त्या गालाचं काय झालंय पाहिलंस? तीन बोटं तोंडात जात नाहीत असे पंचविशीतले पोरगे औषध न्यायला येतात माझ्या गिऱ्हाइकांकडे.

भाची: सबम्यूकस फायब्रोसिस.

मामा: मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच आपल्याकडे हे लिहून ठेवलंय. त्याच्या एकच वर्ष आधी श्वार्ट्झनं केनियातल्या भारतीय बायकांमध्ये वर्णन केलं होतं. सुपारीमुळे अस्तराखाली तंतू साचतात, गाल पांढरा, ताठ, पट्ट्यासारखा होतो. राज्यानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण सुपारी वेगळी, तंबाखू वेगळी, अशा दोन पुड्या एकत्र करायला किती वेळ लागतो? आता तू सांग. तुझी पट्टी तू कशावर तपासलीस?

भाची: बोकडाच्या गालावर.

मामा: कुठून आणलास?

भाची: खाटकाकडून, सकाळी सातला. तासाभरात लॅबला आणायचा, खालची चरबी आणि मांस काढायचं, अस्तर फ्रान्झ सेलमध्ये ताणून बसवायचं. वर पट्टी, खाली ६.८ सामूचं बफर, सदतीस अंश. दर तासाला खालून नमुना काढून औषध किती उतरलं ते मोजायचं.

मामा: म्हणजे गवत खाणाऱ्या निर्व्यसनी बोकडाचा गाल. आणि पट्टी लावणार कोण? सिन्नरच्या विडी कारखान्यातली बाई, जिनं आयुष्यभर मशेरी लावली. त्या बाईच्या गालातून तुझं कार्व्हेडिलॉल किती जाईल?

भाची: …माहीत नाही.

मामा: मग पट्टीच्या वेष्टणावर डोस काय छापणार? बोकडाचा?

इथे मामा जिंकले, असं मला वाटतं. पण ते जे बोलले नाहीत तेही सांगायला हवं. हा प्रश्न फक्त तंबाखूचा नाही. साठीपुढच्या मधुमेह्याचं तोंड बरेचदा कोरडं असतं, त्याच्या जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळीसुद्धा लवकर विरघळत नाही. आधी जीभ पाण्यानं ओली करा, हे सांगायला कुणी थांबत नाही. जिच्या बाबतीत सगळेच निश्चिंत असतात, त्या गोळीचंही असं. मग नव्या पट्टीचं काय सांगावं? शिवाय ती गोळी घेताना बसायला हवं, कारण तिनं रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस कोसळतो. पुरुषांनी ताकदीची म्हणून सिल्डेनाफिलसारखी गोळी आदल्या दिवशी घेतली असेल तर जिभेखालची ही गोळी जिवावर बेतू शकते, आणि लाजेपायी ते डॉक्टरला सांगत नाहीत. आराम पडला नाही तर १०८ ला फोन लावायचा, शेजाऱ्याच्या खिशातली दुसरी पट्टी शोधायची नाही.

भाची मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही.

भाची: ठीक. माझी पट्टी बाजूला ठेवा. बेळगावला चला.

मामा: बेळगावला काय?

भाची: तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी केलेलं काम. २०१२ मध्ये छापून आलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला नेहमी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. त्यांनी ६५२ बायकांमध्ये तुलना केली. निम्म्यांना ते इंजेक्शन, निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची पूड जिभेखाली, चारशे मायक्रोग्रॅम. कुणाला काय दिलं हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना घेणारीला. इंजेक्शनवाल्यांचं सरासरी ३६६ मिलिलिटर रक्त गेलं. जिभेखालच्या पुडीवाल्यांचं १९२.

मामा: (थोडं थांबून) मिसोप्रोस्टॉल. ती तर मूळची अल्सरची गोळी.

भाची: आता जीव वाचवणारी. तिला फ्रीज लागत नाही. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर काय अवस्था असते ते तुम्हीच सांगा, माल तुम्ही पाठवता.

मामा: आइस पॅक घालून पाठवतो. पोचेपर्यंत जबाबदारी माझी. पुढे वीज गेली की रामभरोसे. ते खरंय. पण थांब, बेळगावचंच आधीचं एक काम होतं ना? लॅन्सेटमधलं, २००६ चं?

भाची: तुम्हाला कसं ठाऊक?

मामा: एमआर लोक वाचून दाखवतात, मी लक्षात ठेवतो. सोळाशे-वीस बायका, खेडोपाडी, एएनएम बाईंनी गोळ्या दिलेल्या. सहाशे मायक्रोग्रॅम. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत बारा टक्क्यांना अति रक्तस्राव, खरी घेतलेल्यांत साडेसहाच्याही आत. आणि ती गोळी जिभेखाली नव्हती, भाचेबाई. गिळायची होती.

भाची: हो, गिळायची होती.

मामा: मग जिभेखालचं कौतुक कशाला?

भाची: कारण शिखर. जिभेखाली दिलं की रक्तातली पातळी गिळल्यापेक्षा जास्त उंच चढते, अर्ध्या तासाच्या आत. रक्त वाहतंय तेव्हा ते हवं असतं. त्याची किंमतही मोजावी लागते, थंडी वाजते, ताप येतो, आणि जिभेखाली जास्त येतो. म्हणून जिथे नीट ठेवलेलं ऑक्सिटोसिन आहे तिथे अजूनही पहिली पसंती त्यालाच. माझं म्हणणं एवढंच, की जिथे सुई नाही, फ्रीज नाही आणि वेळ नाही, तिथे तोंड आहे.

मामा: हे वाक्य चांगलंय. मग तुझी पट्टी बीपीची का? बीपीवाल्याला वेळ आहे, पाणी आहे, गोळी आहे.

या प्रश्नाचं उत्तर भाचीला ठाऊक आहे, फक्त ते प्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहिता येत नाही. एम. फार्म. प्रबंधांच्या आभाराच्या पानावर एक ओळ ठरलेली असते: अमुक कंपनीनं औषधाचं गिफ्ट सॅम्पल दिल्याबद्दल आभार. ज्याचं गिफ्ट सॅम्पल मिळतं, जे मोजायला सोपं, ज्याचं गणित या वाटेला जुळतं, त्यावर विषय ठरतो. यकृत बरंच मोडतं, रेणू लहान आहे, डोस कमी आहे, झाला विषय. रोग्याला ही वाट हवी आहे का, हा प्रश्न यादीत नसतोच. मेथीचा चिकट द्रव, आळशीचा, डिंकाचा, असे पट्टी चिकटवायचे नाना नैसर्गिक पदार्थ तपासले जातात, आलेख छापले जातात, आणि बोकडाच्या गालापलीकडे गोष्ट सरकत नाही. मी हे उपहासानं लिहीत नाही. त्या मुली-मुलांचं काम मेहनतीचं असतं. पण राज्याचं आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला हाकेच्या अंतरावर असूनही दंत कॉलेजांसारखी फार्मसीची कॉलेजं त्याच्या छत्राखाली नाहीत, त्यामुळे दंतवैद्य आणि पट्टी बनवणारे एका टेबलावर बसण्याचे प्रसंगही कमीच.

भाची: मला दुसरं औषध घ्यायचं होतं. मिडॅझोलाम. फिट आलेल्या मुलाच्या गाल आणि हिरडीच्या मधे सोडायचं. सुई नाही, शीर शोधणं नाही, आईसुद्धा देऊ शकते. दातखीळ बसली तरी गालाची फट उघडीच असते. इंग्लंडमध्ये शाळेतल्या बाई देतात. आपल्याकडे अजून चप्पल हुंगवतात, नाहीतर कांदा.

मामा: मग घ्यायचं होतंस.

भाची: गाइड म्हणाले, परवानगीचा त्रास.

मामा: बरोबर बोलले. मिडॅझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये. प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरला नोंद, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, तीन वर्षं जपायचं. वर मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा कायदा.

भाची: ब्युप्रेनॉर्फिनसुद्धा त्याच रजिस्टरला. आणि तोंडाच्या अस्तराची सगळ्यात हुशार गोळी तीच आहे. अफूच्या सवयीतून सुटणाऱ्यांसाठी. तिच्यात दोन औषधं असतात. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखालून रक्तात जातं, तलफ भागते. सोबतचं नॅलॉक्सोन जिभेखालून जवळजवळ जात नाही, नुसतं बसून राहतं. पण कुणी तीच गोळी विरघळवून सुईनं टोचली, तर नॅलॉक्सोन जागं होतं आणि नशा तोडून टाकतं. म्हणजे अस्तर एकाला आत घेतं, दुसऱ्याला नाही, आणि त्या भेदभावावरच गोळीची सगळी सुरक्षितता उभी आहे. मघाशी आपण बोललो ना, जागा लहान, निवड कडक? ती कडक निवडच इथे औषध आहे.

मामा: हे मला माहीत नव्हतं.

भाची: राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ पासून, सुईनं नशा करणाऱ्यांना केंद्रावर बोलावून ब्युप्रेनॉर्फिन देणं सुरू झालं. नर्ससमोर, गोळी चुरून, जिभेखाली. विरघळेपर्यंत बसायचं. गिळू नका, बोलू नका.

मामा: आणि मिसोप्रोस्टॉल? २०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण झालं, त्यानंतर तिच्यासकट गर्भपाताच्या गोळ्यांवर एफडीएची अशी नजर बसली की निम्म्या केमिस्टांनी ठेवणंच सोडलं. कुणाला हिशेब देत बसायचा? बघ, म्हणजे कसं झालंय. जिथे तोंडाची वाट खरंच उपयोगाची, ती सगळी औषधं कुलपात. आणि जी कुलपाबाहेर, ती गिळली तरी चालतात.

भाची: इन्सुलिन धरलं तर तिसरा प्रकार. त्याला कुलूप नाही, पण अस्तरच आत घेत नाही.

मामा: तो तोंडात मारायचा फवारा! २००८ मध्ये मुंबईच्या श्रेया लाइफ सायन्सेसनं आणला होता. सुई गेली म्हणून काय उत्साह होता लोकांत.

भाची: इन्सुलिनचा रेणू ५८०० डाल्टनचा. हजाराच्या पुढचं अस्तर सहजी घेत नाही. एका जेवणासाठी किती तरी फवारे, आणि त्यातला थोडाच भाग आत. कॅनडाच्या मूळ कंपनीला तरी पुढे कुठे नेता आलं?

मामा: मग आता करतेस काय?

भाची: पट्टी तर पूर्ण करणार. सिनॉप्सिस मंजूर झालंय. पण पीएच.डी.ला बदलीन. असं औषध हवं की ज्याला रजिस्टर नाही, फ्रीज नाही, रेणू लहान, आणि रोग्याला गिळता येत नाही.

मामा: असं काही असतं?

भाची: साखर.

मामा: काय?

भाची: नवजात बाळाची रक्तातली साखर पडते तेव्हा. न्यूझीलंडमध्ये २४२ बाळांवर काम झालं, लॅन्सेटमध्ये २०१३ ला आलं. चाळीस टक्के डेक्स्ट्रोजचं जेल बोटानं गालाच्या आत चोळायचं, मग आईजवळ द्यायचं. साधं जेल चोळलेल्या बाळांत चोवीस टक्क्यांची साखर वर आली नाही. डेक्स्ट्रोजवाल्यांत चौदा टक्क्यांची. बाळाला आईपासून तोडून सलाईन लावायची वेळ कमी आली.

मामा: आमच्याकडे गूळपाणी, मध…

भाची: मध अजिबात नाही, मामा. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातल्या जंतूंनी बोटुलिझम होऊ शकतो.

मामा: बरं, मध नाही. पण मला एक सांग. ते बाळ चोखतं. चोखलं की गिळतं. म्हणजे ती साखर गालातून गेली की पोटातून?

भाची: बहुधा दोन्हीकडून.

मामा: किती इकडून, किती तिकडून?

भाची: तेच तर मोजायचंय.

मामा: बोकडाच्या गालावर?

भाची: नाही. या वेळी दंत महाविद्यालयात आणि बालरोग विभागात आधी जाऊन बसणार. तुम्ही फक्त एक करा. डेक्स्ट्रोज पावडरचं बिल माझ्या नावानं फाडा. गिफ्ट सॅम्पल नको.